मांडव चुकलेल्या मामांची साक्ष

मी मनोरंजन आणि बौद्धिक संपदा या विषयांतले दावे चालवणारी वकील आहे. हे वाक्य असं पूर्ण मी एकदाच म्हणून पाहिलं, आमच्या घणसोलीच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "अरे वा, मग मॅडम, आपल्या पार्किंगच्या भांडणाचं तुम्हीच बघा." तेव्हापासून मी नुसतं 'वकील' म्हणते. आई मात्र अजूनही सगळ्यांना 'सिनेमाची वकील' असंच सांगते, आणि ते ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर जो आदर येतो तो मी गुपचूप ठेवून घेते. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत एकही नट मी जवळून पाहिलेला नाही. नटांचे मॅनेजर पाहिलेत, मॅनेजरांचे वकील पाहिलेत, आणि त्या वकिलांनी मागून घेतलेल्या तारखा पाहिल्यात.

वडील एपीएमसी मार्केटात माथाडी. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. कांद्या-बटाट्याची पोती पाठीवर वाहून त्यांनी मला शिकवलं, आणि सनद मिळाल्यावर पहिलं अशीलही त्यांनीच आणून दिलं. मसाला मार्केटातले दोन व्यापारी, दोघांच्याही मिरची पावडरीच्या पाकिटावर हिरवा पोपट. आमचा पोपट डावीकडे बघायचा, समोरच्यांचा उजवीकडे, आणि कोणी कोणाचा चोरला हा वाद. न्यायाधीशांनी दोन्ही पाकिटं हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली, त्यातलं एक फुटलं, आणि पंख्याखाली बसलेलं अख्खं कोर्ट शिंकायला लागलं. समोरचे वकील शिंकत शिंकत हरकत घेत होते. "हरकत" म्हणायचे आणि शिंकायचे. त्या दिवशी मी या धंद्याच्या प्रेमात पडले ती पडलेच.

माझी एक अडचण मात्र सांगायला हवी. मला कोर्टात हसू येतं. गालातल्या गालात नाही, पोटातून उसळून येतं. माझ्या सिनियरनी सुरुवातीलाच उपाय सांगितला होता, "हसू आलं की खाली बघ आणि कागद चाळ." तो मी इतक्या निष्ठेनं पाळला की फार बारकाईनं कागद वाचणारी वकील म्हणून माझा लौकिक झाला. सिनियरनी दुसरीही एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नाही. कितीही मोह झाला तरी नाही.

आता आत्यांची गोष्ट. आत्या माझ्या कोणी नव्हेत. त्या तळवलीच्या, आगरी, हळदीची गाणी म्हणणाऱ्या. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेच्या गावांतून कुठेही हळद असली की आत्या हव्यातच. पहिल्यांदा माझ्या वाशीच्या ऑफिसात आल्या तेव्हा कागदपत्रांच्या आधी त्यांनी पिशवीतून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी काढली. शेजारच्या सीएच्या ऑफिसातून एकजण वास कुठून येतोय ते बघायला आला आणि भाकरी खाऊन गेला.

"बाय," आत्या म्हणाल्या, "माजा गाना चोरलाय."

"कोणी?"

"पिक्चरवाल्यांनी."

त्यांनी पिक्चरचं नाव सांगितलं आणि मी फोनवर ते गाणं लावलं. मला ते माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं, आमच्या सोसायटीच्या गणपतीत त्यावर माझा भाऊ नाचला होता. आत्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग बोटानं टेबलावर ठेका धरून तेच गाणं त्यांनी आपलं म्हणून दाखवलं. चाल तीच, शब्द थोडे फिरवलेले, आणि मधलं एक कडवं जवळजवळ जसंच्या तसं. ते कडवं असं:

घड्याल घेवनशी मामा आयलाय गो,
दुसऱ्याचे मांडवान जावनशी बसलाय गो,
दुसऱ्याचे नवऱ्याला हलद लावलीन,
आपले भाच्याला रिकामा हात गो!

मी विचारलं, "हे कडवं तुम्हाला सुचलं कुठून?"

"सुचला कुटं? झाला तसा सांगितला."

झालं होतं ते असं. आत्यांच्या भावाच्या मुलाचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी नवऱ्याचा मामा, म्हणजे त्यांच्या भावजयीचा भाऊ, पावणे गावाहून यायचा होता. आगऱ्यांच्या हळदीत मामाचा मान मोठा, आणि म्हणूनच मुलाच्या बापाकडच्या बायका गाण्यातून मामाची जेवढी उडवता येईल तेवढी उडवतात. हा रिवाजच आहे, त्यात कोणी वाईट वाटून घ्यायचं नसतं. त्या संध्याकाळी तळवलीत बऱ्याच हळदी होत्या. गल्लीगल्लीत पिवळे मांडव, सगळीकडे डीजे, सगळ्या बॅनरवर गॉगल लावलेले नवरे. मामा इस्त्रीचे पांढरे कपडे घालून, हातात भिंतीवरचं घड्याळ भेट म्हणून घेऊन वेळेवर आले आणि सरळ शेजारच्या गल्लीतल्या मांडवात शिरले. तिथे त्यांनी परक्या नवऱ्याला हळद लावली, घड्याळ दिलं, खुर्च्या नीट मांडल्या नाहीत म्हणून पोरांना दमात घेतलं आणि जेवायला बसले. इकडून माणसं शोधायला गेली तेव्हा मामांच्या पानात दुसऱ्यांदा भात वाढला जात होता. त्यांना आणलं. मांडवाच्या दाराशी ते रिकाम्या हातानं उभे राहिले, आणि भाच्याच्या हळदीसाठी स्वतःच केलेल्या गाण्याला आत्यांनी तिथल्या तिथे हे कडवं जोडलं. पुढे ते कडवं ज्याच्या त्याच्या हळदीत मागितलं जाऊ लागलं आणि गाणं गावोगाव गेलं.

ऐकता ऐकता मला हसू आवरेना आणि या वेळी चाळायला कागदही नव्हते. आत्याही हसल्या. मग भाकरीचं फडकं घडी करता करता म्हणाल्या, "परवा रबाल्याला हलद होती. मी गाना बोलले, तर एक पोरगी बोलते, आत्या, तुमी पिक्चरचा गाना चुकीचा बोलताव."

त्यावर मी हसले नाही. पिक्चरवाल्यांनी आत्यांचा यूट्यूबवरचा व्हिडिओ आपल्या गाण्याची नक्कल म्हणून काढून टाकायला लावला होता. वर त्यांना नोटीस पाठवली होती की हे गाणं जाहीर कार्यक्रमात म्हणाल तर याद राखा. बेंजोवाले घाबरले आणि आत्यांबरोबर ते गाणं वाजवेनासे झाले. म्हणजे ज्या बाईनं गाणं केलं तिलाच ते म्हणायची चोरी. "माजा गाना माला परत दे," आत्या म्हणाल्या. "बाकी काय नको." माझं डोकं असं तापलं की वकीलपत्रावर त्यांची सही घेताना माझंच पेन कागदात रुतलं.

ठाण्याच्या कोर्टात दावा दाखल केला. समोरून एक ज्येष्ठ वकील आले, फोर्टातले, उंच, देखणे, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलणारे. मला ते मनापासून आवडायचे आणि त्यांना हरवावंसं त्याहून मनापासून वाटायचं. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं, की हे गाणं पारंपरिक आहे. पारंपरिक गाण्यावर कोणाचीच मालकी नसते, ते कोणीही घ्यावं आणि सिनेमात घालावं. आणि पुरावा म्हणून त्यांनी काय दाखवावं? आत्यांचाच व्हिडिओ. खाली आत्यांनी स्वतःच लिहून घेतलेलं होतं, 'पारंपरिक आगरी हळदी गीत'.

मी कपाळावर हात मारला. "आत्या, हे का लिहिलंत?"

"मंग काय लिवू? माजा गाना असा लिवू?" आत्या माझ्यावरच उखडल्या. "हलद भाच्याची आन नाव हिचा, असा बोलतील ना लोकं! हलदीचा गाना आपला म्हनून कोन सांगतं का?"

आणि खरंच कोणी सांगत नाही. मी त्यानंतर कितीतरी बायकांना विचारलं. कालपरवा केलेलं गाणंसुद्धा विचारलं की म्हणतात, जुनं आहे, आमच्या आजीच्या वेळचं. स्वतःचं नाव सांगणं म्हणजे शेखी मिरवणं. आता हे कोर्टाला कसं समजावायचं? कायदा म्हणतो, तुझं आहे तर तू ते कधी आपलं म्हणालीस ते दाखव. आणि आमच्या अशिलांनी जन्मभर ते आपलं नाही असं मोठ्या कौतुकानं सांगितलेलं.

मग मला लग्नाच्या व्हिडिओची आठवण झाली. डीव्हीडीच्या काळातलं लग्न, शूटिंग झालेलं, आणि आत्यांच्या भावाकडे ती डीव्हीडी अजून होती. मी आनंदानं नाचायची बाकी होते. घरी टीव्हीवर लावली. आई, मी आणि आत्या समोर बसलो. पडद्यावर पिवळा मांडव आला, तरुण आत्या आल्या, दारात पांढऱ्या कपड्यांतले मामा रिकामे हात लोंबकळत उभे. आत्यांनी तोंड उघडलं, बायका हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या, आणि आवाज? आवाज एका हिंदी सिनेमातल्या प्रेमगीताचा. व्हिडिओवाल्यानं सगळ्या हळदीवर ते गाणं ओतून ठेवलं होतं, मागे बागेतली फुलंही उमलवली होती. आई म्हणाली, "गाणं छान आहे गं." मी दुसऱ्या दिवशी त्या व्हिडिओवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, ओरिजनल आवाज कोन ठेवतो? डीजेनं कान फाटतात."

बायकांच्या साक्षी झाल्या. त्या तर माझ्या आयुष्यातल्या सर्वांत गोड पराभवांपैकी एक. त्या हळदीला हजर असलेल्या बायका एकामागून एक पिंजऱ्यात आल्या. एक साक्ष देता देता गायला लागली, दुसरीनं बाकावरून सूर मिळवला, तिसरीनं दोघींचं चुकतंय म्हणून हात वर केला. समोरच्या वकिलांनी शांतपणे एवढंच विचारलं, की या सगळ्या वादींच्या नातलग आणि मैत्रिणी ना? त्या एका सुरात "हो!" म्हणाल्या, आणि वर कौतुकानं सांगितलं की आत्यांसाठी आम्ही काय वाट्टेल ते करू. मी कागद चाळत राहिले.

एव्हाना पिक्चरवाल्यांनी लोकसंस्कृतीच्या एका अभ्यासकांचं प्रतिज्ञापत्र आणलं होतं. सिनेमात त्या कडव्याला पन्नासेक नाचणारे भिंतीवरची घड्याळं हातात धरून गिरक्या घेतात, मधे एक मामा झिंगलेला. अभ्यासकांनी लिहिलं होतं की आगरी लोकगीतांतला मामा हा परंपरेनं मद्यधुंद विदूषक असून त्याच्या हातातलं घड्याळ हे निसटत्या काळाचं प्रतीक आहे. हे वाचून मी पुन्हा हसले, पण या वेळी हसता हसता उठून उभी राहिले. ते घड्याळ प्रतीक नसून घड्याळच होतं हे सांगू शकणारा जिवंत माणूस पावण्यात राहत होता. आणि तो आत्यांचा मित्र नव्हता. त्या हळदीपासून त्यानं आत्यांशी बोलणं सोडलं होतं. तो आमच्या बाजूनं बोलला असता तर त्याला कोणी हितसंबंधी म्हणू शकलं नसतं. पंचाईत एवढीच होती की इतकी वर्षं तो सगळ्यांना सांगत आला होता, गाण्यातला मामा मी नव्हेच.

पावण्याच्या गावठाणात, चहूकडून कारखान्यांनी वेढलेलं त्यांचं घर. मामा एका कारखान्यात फोरमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. गळ्यात तुळशीची माळ, शर्टाची वरपर्यंत सगळी बटणं लावलेली, दारातल्या चपला एका रेषेत.

"मामा, त्या गाण्यातले मामा तुम्हीच ना?"

"नाय."

"पण घड्याळ तर—"

"कंचा घड्याल?"

आतून मामींच्या हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काहीतरी पातेलं पडल्याचा. मामा छताकडे बघत राहिले. मी भाच्याचा विषय काढला, आत्यांना होणारा त्रास सांगितला, गाणं बंद झाल्याचं सांगितलं. "बरा झाला बंद झाला," मामा म्हणाले. चहा पिऊन मी उठायच्या बेतात होते. जाता जाता, खरं तर रागानंच, मी ते अभ्यासकांचं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मद्यधुंद म्हंजे काय?" मामांनी विचारलं.

"प्यायलेला."

"कोन?"

"गाण्यातला मामा." मी फोनवर सिनेमातलं दृश्य लावून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी सिनेमा पाहिलेलाच नव्हता. पडद्यावरचा मामा घड्याळाला मिठी मारून झोकांड्या खात होता. मामांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा पाहिलं. मग उठून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

"मी मालकरी हाय! जन्मात थेंब नाय घेतला! मांडव चुकलो, पन शुद्धीत चुकलो!"

मामी पदरानं डोळे पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आयकलास ना, बाय? बोल्ला एकदाचा."

एकदा बोलायला लागल्यावर मामा थांबेनात. प्रतीक कसलं आणि काय कसलं, ते घड्याळ कारखान्यानं दिवाळीला वाटलेलं होतं. तबकडीवर कारखान्याचं नाव होतं. तेच त्यांनी कागदात बांधून भाच्याला नेलं होतं. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला, आणि मला कळलं की मांडव चुकल्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं होतं. परक्यांनी ते तिथल्या तिथे उघडून पाहिलं, नाव वाचलं, आणि मग ते परत मागायचीही सोय राहिली नाही. मला त्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की मी दुसरा चहा घेतला. पुढच्या आठवड्यात तळवलीच्या त्या दुसऱ्या घरात जाऊन आले. घड्याळ स्वयंपाकघरात टांगलेलं होतं, तबकडीवर कारखान्याचं नाव ठळक. त्याचा फोटो काढला आणि कोर्टात दाखल केला.

"येईन मी," मामांनी बजावलं होतं, "पन मी प्यायलो नवतो येवढाच सांगंन. तिच्यासाठी नाय येत."

साक्षीच्या दिवशी मामा पुन्हा पांढऱ्या कपड्यांत. बाहेरच्या बाकाच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला आत्या, मधे मी आणि माझी बॅग. दोघंही माझ्यामार्फत बोलत होते. "त्यांना सांग, पंख्याखाली बसा." "तिला सांग, माला गरम होत नाय."

उलटतपासणी सुरू झाली.

"आपण त्या दिवशी मद्यपान केलं नव्हतं असं आपलं म्हणणं आहे?"

"नवता केला. लिवून घ्या."

"तरीही परक्या मांडवात जाऊन परक्या नवऱ्या मुलाला हळद लावलीत?"

"लावली."

"स्वतःचा भाचा ओळखू आला नाही?"

"हलद फासल्यावर सगले नवरे सारकेच दिसतात, साहेब. तुमचाबी लगीन झाला आसंल."

न्यायाधीश बाईंनी मान खाली घातली आणि कागद चाळायला लागल्या. त्या क्षणी मला त्या सख्ख्या बहिणीसारख्या वाटल्या. समोरच्या वकिलांनी इथे थांबायला हवं होतं. मामांनी माझ्या प्रश्नांवर घड्याळ आणि आता मांडव कबूल केला होता, पण गाणं कोणी आणि कधी केलं याबद्दल अजून चकार शब्द काढला नव्हता, आणि स्वतःहून काढणारही नव्हते. पण समोरच्यांना साक्ष नात्यातली म्हणून उडवून लावायचा मोह आवरला नाही.

"आपण वादींचे नातेवाईक. संबंध चांगले आहेत, म्हणूनच त्यांच्या मदतीला आलात, बरोबर?"

मी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. हे उत्तर त्यांना माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं.

"कसले संबंध? मी तिच्याशी बोलत नाय."

"कधीपासून?"

"त्या हलदीपासून."

"कारण?"

मामांनी शर्टाचं वरचं बटण चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "तिनं माज्यावर गाना केला म्हनून. मी दारान उबा, आन तिनं माज्या तोंडावर जोडला. मी चपला काडीस्तवर कडवा तयार. बायका हसल्या. मंग तोच गाना सगलीकडं गेला. आता तुमच्या पिक्चरान गेला."

टाइप करणाऱ्या बाईंची बोटं धावत होती. पारंपरिक गाणं त्या एका उत्तरात तळवलीच्या एका दारात, एका संध्याकाळी जन्मलेलं गाणं झालं. समोरचे वकील पांढरे पडले, पण माणूस जातिवंत, शेवटचा घाव घालून बघितलाच. "एवढा राग आहे, तर तिच्या बाजूनं साक्ष द्यायला का आलात?"

"राग माजा हाय, साहेब. गाना तिचा हाय."

आणखी प्रश्न नव्हते. मी बाहेर येऊन आईला फोन केला आणि काय बोलले ते मला आठवत नाही. आई म्हणते, मी नुसतीच किंचाळत होते आणि तिला वाटलं माझी पर्स मारली.

निकाल आमच्या बाजूनं लागला हे सांगून टाकते. शब्द आणि चाल आत्यांची ठरली, व्हिडिओ परत आला, सिनेमात त्यांचं नाव घालावं लागलं. निकालात ते कडवं इंग्रजीत भाषांतर करून छापलंय आणि इतर वकील आता मोठ्या गंभीरपणे त्याचा हवाला देतात. पण माझ्या मनात राहिला तो निकालाचा दिवस नाही. त्याच्या आधीचा, युक्तिवादाचा शेवटचा दिवस.

त्या दिवशी मामांचं काही काम नव्हतं. तरी ते आले आणि सगळ्यांत मागच्या बाकावर बसले. आत्यांकडे पाहिलं नाही. माझं बोलणं संपलं, समोरच्यांचं संपलं, आणि न्यायाधीश बाई म्हणाल्या, "दोन्ही रेकॉर्डिंग मी ऐकलीत. त्यात बेंजो आहे, कीबोर्ड आहे. मला वादींकडून हे गाणं त्या दिवशी म्हटलं तसं, नुसत्या आवाजात ऐकायचं आहे." समोरच्यांनी हरकत घेतली नाही.

"बसून बोलू का? हलदीन बसूनच बोलतात." परवानगी मिळाली. त्यांनी पदर सावरला आणि सुरू केलं. कोर्टात ते गाणं फार लहान वाटत होतं. हळदीत एक बाई ओळ म्हणते आणि बाकीच्या ती झेलतात, म्हणजे सगळ्या मिळून तीच ओळ परत म्हणतात. आत्या सवयीनं प्रत्येक ओळीनंतर थांबत होत्या, कोणीतरी झेलेल म्हणून, आणि त्या जागेत नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग पुढची ओळ. एक कडवं झालं, दुसरं झालं, आणि त्या थांबल्या त्या थांबल्याच.

"पाणी हवंय का?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

आत्यांनी नको अशी मान हलवली. त्या विसरल्या नव्हत्या. ते कडवं त्यांनी गावोगावच्या मांडवांत म्हटलं होतं, पण त्या पहिल्या दिवसानंतर मामांच्या समोर कधी नाही. त्या ते गाळणार होत्या. सगळा दावा ज्या कडव्यावर उभा होता तेच, त्यांना परत हवं होतं त्या गाण्यातलं तेच, आत्या मामांसाठी सोडून द्यायला निघाल्या होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं, म्हणा, आत्या, म्हणा.

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. मामा उभे राहिले होते, हात पाठीमागे, नजर समोरच्या भिंतीवर. एकही सूर न लावता, कारखान्यात हजेरी घ्यावी तशा सपाट आवाजात ते म्हणाले,

"घड्याल घेवनशी मामा आयलाय गो."

शिपाई त्यांना गप्प करायला पुढे झाला. न्यायाधीश बाईंनी हातानंच त्याला थांबवलं.

आत्यांनी मान वर केली. मामांनी टाकलेली ओळ त्यांनी झेलली, खणखणीत, खालच्या मजल्यापर्यंत जाईल अशी, आणि मग शेवटपर्यंत त्या कुठे थांबल्या नाहीत.